कोपऱ्यातलं गिऱ्हाईक

तिच्या सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्याला रंग दिसत नसत. हे वाक्य तिने आयुष्यात इतक्यांना ऐकवलं होतं, की ती दारातून आत आली की प्रयोगशाळेतलं कुणीतरी तेच वाक्य तिच्याच आवाजात म्हणून दाखवायचं आणि बाकीचे खिदळायचे. खिदळोत बापडे. वाक्य खरं होतं. कॅमेरा नुसता उजेड मोजतो. इथे इतका, तिथे तितका, पलीकडे काहीच नाही. मासिकांच्या मुखपृष्ठांवर ज्या हिरव्यागार, लालभडक पेशी मिरवतात, त्यांचा तो रंग मागाहून माणसाने भरलेला असतो. त्या इमारतीत तो भरणारं माणूस म्हणजे ती. म्हणून तिचं नाव पडलं रंगारीण.

तिची खोली तळघरात होती. खिडकी नाही, दाराला जाड काळा पडदा, यंत्रांची एकसुरी घरघर. बाहेर भर दुपार असली तरी आत पहाटेच्या आधीचा उजेड. त्या उजेडात बसून ती दिवसभर दुसऱ्यांची चित्रं रंगवायची आणि दुसऱ्यांशी भांडायची.

कारण रंग भरणं म्हणजे नटवणं, असं समजणाऱ्या लोकांची तिला मनस्वी चीड होती, आणि असले लोक पैशाला पासरी. कुणी सात रंगांची पट्टी लावून यायचा. जिथे उजेड सावकाश, गोगलगाईसारखा चढतोय तिथे पिवळ्याला हिरवा भिडल्यामुळे कडा तुटल्यासारखा दिसायचा, आणि हा गडी त्या नसलेल्या कड्यावर तीन पानं लिहून मोकळा. कुणी काळ्यावर गर्द निळं भरायचं, जे माणसाच्या डोळ्याला धड दिसतच नाही, आणि वर तिलाच विचारायचं, “दिसत कसं नाही तुम्हाला?” ती फाडकन सांगायची, “दिसत नाही, कारण तुम्ही दाखवत नाही. तुम्ही मिरवताय.”

तिचे स्वतःचे नियम होते. प्रत्येक चित्र आधी करड्या छटांत दाखवायचं, एकेक रंगद्रव्य वेगळं. रंग मागाहून. आणि काळ्याच्या खाली हात घालायचा नाही. या दुसऱ्या नियमापायी तिने निम्मी इमारत अंगावर घेतली होती. चित्रातला अंधार कधीच पुरता अंधार नसतो. त्यात उजेडाची बारीक भुकटी असते, थरथरती, अर्थ नसलेली. चित्र साफ दिसावं म्हणून लोक ती कापतात. अमक्याच्या खाली जे जे असेल ते शून्य, असं यंत्राला सांगायचं, की काळं कसं डांबरासारखं होतं. आपल्याला नको ते नव्हतंच म्हणायचं. घराघरांत चालतं ते. निदान तिच्या तळघरात चालणार नव्हतं.

तिसरा नियम दादामुळे आला.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. प्रयोगशाळेपासून दोन गल्ल्या सोडून त्याचं बूटदुरुस्तीचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत ही दोघं राहायची. आईवडील गेल्यावर दोघांनाही लग्न जमवून द्यायला कुणी उरलं नाही आणि दोघांनाही त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. दादाला जन्मापासून लाल आणि हिरव्यातला भेद कळत नसे. शाळेत त्याने झाडाचं खोड हिरवं आणि पानं तांबडी काढली होती. बाईंनी चित्र सगळ्या वर्गाला दाखवलं आणि मग त्याच्या कानाखाली वाजवली. त्या संध्याकाळी त्याच्या या धाकट्या बहिणीने ब्लेड घेतलं आणि त्याच्या खडूंवर खाचा पाडल्या. एक खाच म्हणजे लाल, दोन म्हणजे हिरवा, असं करत सहाव्या रंगाला सहा. आता दोघांचे केस पिकले होते, तरी त्याच्या दुकानातल्या दोऱ्याच्या रिळांवर त्याच खाचा होत्या. नवं रीळ आलं की तो ते तिच्या हातात द्यायचा. “घे, बारसं कर.”

रोज संध्याकाळी ती नव्या चित्राची छापील प्रत घेऊन दुकानात यायची, गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसायची आणि प्रत त्याच्या हातात द्यायची.

“किती प्रकार दिसतात?”

हा तिचा ठरलेला प्रश्न. तो जे सांगेल त्यावर चित्र पुढे जायचं किंवा परत यायचं. पहिल्यांदा तिने सगळ्या जगाच्या रीतीप्रमाणे लाल-हिरवं चित्र आणलं होतं. दादाने ते उलटंसुलटं पाहिलं.

“चिखल,” तो म्हणाला.

“नीट बघ.”

“नीटच बघतोय. नीट मळलेला चिखल आहे.” आणि त्याने त्या कागदाची घट्ट घडी घातली, वाकला आणि तिच्या स्टुलाच्या तोकड्या पायाखाली सारली. स्टूल डुगडुगायचं थांबलं. “बघ ठमे, लागला की नाही तुझ्या विज्ञानाचा उपयोग?”

त्या दिवसापासून तिने लाल सोडला. एका रंगद्रव्याला हिरवा आणि दुसऱ्याला राणी रंग. जिथे दोन्ही एकत्र येतात तिथे आपोआप पांढरं. डोळे चांगले असणाऱ्यांनाही स्पष्ट आणि दादासारख्यांनाही. सरांना ते पटवायला तिला दोन महिने लागले. सर म्हणजे तिच्या विभागाचे प्रमुख, माणूस चांगला, पण सवयीचा गुलाम.

“अहो ताई, लाल-हिरवं छापत छापत म्हातारे झालो आम्ही.”

“आणि दर बारा-पंधरा पुरुषांमागे एकाला चिखल चारत, सर.”

सर हसले आणि हरले. तिच्या आयुष्यातला हा एक निखळ विजय होता. त्याची आठवण तिला पुढे नको नको झाली.

त्यानंतर एका संध्याकाळी तिने दुकानात आणलेलं चित्र उंदराच्या मूत्रपिंडाच्या कापाचं होतं. केसाहूनही पातळ काप. पेशींच्या कडा हिरव्या, सर ज्याच्या मागे होते ते प्रथिन राणी रंगात, आणि खाली डाव्या कोपऱ्यात एक मोकळी जागा, नळीची पोकळी. तिथे कुठलंच रंगद्रव्य धरत नाही. नुसतं काळं. चित्राखाली मापाची छोटी पांढरी रेघ.

दादाने चष्मा कपाळावर सरकवला. “दोन प्रकार. एक पिवळसर, एक निळसर. मिसळले तिथे पांढरं.”

“शाब्बास!” ती उठली.

“आणि तो तिसरा.”

“तिसरा कुठला?”

“हा काय, कोपऱ्यात. पाठमोरा बसलाय तो.”

ती हसली. दादा गंभीर चेहऱ्याने थट्टा करण्यात पटाईत होता. पण त्याने चष्मा पुन्हा नाकावर घेतला आणि कागद दिव्याखाली धरला, आणि तिच्या लक्षात आलं की तो तिच्याकडे बघतच नाहीये. थट्टा करणारा माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघतो.

रंगारीण भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हती. ती मोजमाप करणारी होती. दुसऱ्या दिवशी तिने कोपऱ्यातला प्रत्येक ठिपका मोजला. नेहमीची भुकटी, दुसरं काही नाही. तिने भिंग पुसलं, कॅमेरा काढून पुन्हा बसवला, काप बदलला. दुसऱ्या उंदराचा, दुसऱ्या दिवशी रंगवलेला. तो घेऊन संध्याकाळी दुकानात.

“आहे,” दादा म्हणाला. “जरा सरकून बसलाय.”

मग तिने चित्र आरशातल्यासारखं उलटं केलं. पोकळी डावीकडची उजवीकडे गेली. माणूस बसला असेल तर तोही तिकडे जायला हवा. दादाने पाहिलं आणि डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, जिथे आता पेशींची दाटी होती.

“आज गर्दीत बसलाय बिचारा. अंग चोरून.”

तिने नुसतं काळं छापून आणलं. ना हिरवा, ना राणी.

“हे काळं आहे,” दादा म्हणाला. “मला येडा समजतेस काय?”

जुनी लाल-हिरवी चित्रं आणली. चिखल. करडी आणली. त्यात दोन करडे, बाकी काही नाही. तो फक्त त्या दोन रंगांच्या मधे येत होता, तिने दादासाठी निवडलेल्या. आणि तिला स्वतःला, तिच्या त्या नावाजलेल्या डोळ्यांना, तिथे काहीच दिसत नव्हतं. कागद तिरका धरून, डोळे किलकिले करून, शेवटी कधी नव्हे ते देवाचं नाव घेऊनसुद्धा.

एकदा तिने मुद्दाम त्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला. “आता?”

“अंगठा काढ,” दादा घाईने म्हणाला. “दचकला ना तो.”

हळूहळू तिने प्रयोग सोडून दिले आणि नुसतं ऐकू लागली. त्या दिवसांत शहरावर सारखं धुरकट आभाळ असायचं. दुकानाच्या काचेतून येणारा उजेड दुधात पाणी घातल्यासारखा. दादा चामड्यावर हात फिरवत बोलायचा आणि तिला आपण पाण्याखाली बसून त्याचं बोलणं ऐकतोय असं वाटायचं.

“माणूस म्हणजे नेमका कसला रे?”

“गिऱ्हाईक आहे. बसण्यावरून कळतं. एक पाय पुढे, एक आत ओढलेला. आत ओढलेल्या पायात बूट नाही.”

“आणि करतो काय?”

“वाट बघतो. गिऱ्हाईक दुसरं काय करणार?”

दुसऱ्या एका संध्याकाळी त्याने हातातली आरी खाली ठेवली. आवाज अगदी खाली आला.

“ठमे, त्याचा जो रंग आहे ना, त्याला काय म्हणतात?”

“कसा आहे?”

“कसा सांगू? तू मला लाल समजावून सांगायचीस तेव्हा म्हणायचीस, गरम असतो. हिरवा थंड. हा ना गरम, ना थंड. नवं चामडं पहिल्यांदा कापलं की एक वास येतो बघ, क्षणभरच, मग जातो. तो वास जर गेलाच नाही तर कसं होईल? तसा आहे.” तो हसला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “इतकी वर्षं तुम्ही सगळे ज्याच्या नावाने उड्या मारता ना, ते हेच असणार.”

खाचा पाडणाऱ्या पोरीला भावासाठी याहून जास्त काय हवं होतं? त्याला एक रंग मिळाला होता. फक्त तो कुठला, हे सांगायला ती त्याच्याबरोबर नव्हती.

तिने त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी ठिपक्यांची पुस्तकं दाखवली, आत बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले, “जन्मापासूनचं आहे तेवढंच आहे हो. बाकी डोळे या वयाला उत्तम. काळजी तुम्हाला झोपेची घ्यायला हवी, यांना नाही.”

बाहेर पडल्यावर दादा म्हणाला, “मी काय म्हणत होतो? उगाच गरिबाच्या डोळ्यात बॅटरी.”

पण त्याचं बाकीचं जग विझत चाललं होतं. हे आधी तिला दोऱ्यावरून कळलं. त्याने खाचा चाचपणं सोडलं. एका म्हातारीच्या बुटाला त्याने समोर पांढरा आणि मागे निळा दोरा घातला. निळा तर त्याला लहानपणापासून ओळखता यायचा. “सगळं राखेसारखं दिसतं आता,” तो सहज म्हणाला, जसं कुणी म्हणावं की आज वारा पडलाय. ताटातलं अन्न तसंच राहायचं. गिऱ्हाइकं येऊन उभी राहायची आणि हा ती प्रत मांडीवर घेऊन बसलेला. मग लोक दुसरीकडे जाऊ लागले. लोक थांबत नाहीत कुणासाठी, ते एक बरं असतं त्यांचं.

काम तो एकच करायचा. एक बूट. उजव्या पायाचा. जोडीतला दुसरा नव्हताच. इतकं बारीक शिवणकाम तिने त्याच्या हातून कधी पाहिलं नव्हतं. टाका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते कळत नव्हतं.

“हा कुणाचा?”

दादाने मान हलवून मांडीवरच्या कागदाकडे खूण केली.

“माप कुठून आणलंस?”

“त्याने पाय पुढे केला की.”

तिने त्याच्या मांडीवरचा कागद ओढून घेतला. “बस झालं. उद्यापासून एक चित्र आणणार नाही मी. हे सगळं जाळून टाकते.”

दादाने तिला थांबवलं नाही. तो कधीच ओरडणारा माणूस नव्हता. त्याने नुसतं वर पाहिलं.

“जाळ. पण एक सांग. तुझ्याकडे किती रंग आहेत? मोजलेस कधी?”

तिने कागद पाठीमागे धरला.

“मला एक मिळालाय. तोही घेणार?”

कागद तिने पुन्हा त्याच्या मांडीवर ठेवला. त्या संध्याकाळी ती जिन्यात बराच वेळ बसून होती, वरही जाईना आणि खालीही. तिला सरळ दिसत होतं की तिचा भाऊ चाललाय. कुठे ते ठाऊक नव्हतं, पण जाणाऱ्या माणसाची पाठ ओळखू येते. जगात तिचं म्हणावं असं तेवढंच एक माणूस होतं. कागद जाळून काही होणार नव्हतं. तो आठवणीतून बघायला लागला असता. आत बसलेल्यालाच उठवून लावायला हवं होतं. आणि तो जिथे बसला होता, त्या अंधाराच्या किल्ल्या तिच्याकडे होत्या.

योगायोग म्हणा, त्याच आठवड्यात सर तळघरात आले. मोठ्या संमेलनासाठी तेच मूत्रपिंडाचं चित्र भिंतीएवढं छापायचं होतं.

“ताई, तुमचा राणी रंग मान्य, हिरवा मान्य. तेवढं ते काळं जरा साफ करा हो. एवढ्या मोठ्या आकारात ती भुकटी पिठासारखी दिसते. डांबरासारखं काळं करा, माझ्या समाधानासाठी.” आणि मार खायची तयारी असल्यासारखे ते दोन पावलं मागे सरकले.

“करते,” ती म्हणाली.

सरांचं तोंड उघडंच राहिलं. “बरं वाटत नाही का तुम्हाला?”

सर गेल्यावर तिने पडदा नीट ओढून घेतला. संगणकावर काळ्याची पातळी ठरवणारी खूण तिने डावीकडून उजवीकडे सरकवली. थोडी, मग आणखी थोडी. कोपऱ्यातली भुकटी विरत गेली, ठिपका ठिपका विझत. तिला वाटलं आपण झोपलेल्या कुणाच्या तोंडावर उशी धरतोय. तिने हात काढला नाही. सगळ्या अंधाराची किंमत शून्य झाली. कोपऱ्यात शून्य, शून्य, शून्य. आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी तिने लोकांना झोडपलं, ती तिने केली, आणि जुनी फाइल पुसून नवी तिच्या जागी ठेवून दिली.

संध्याकाळ व्हायला अवकाश होता. ती नवी प्रत घेऊन जवळजवळ पळतच दुकानात आली आणि स्टुलावर बसली. दादा त्या बुटाला शेवटचा मेणदोरा ओढत होता.

“हे घे. किती प्रकार दिसतात?”

त्याने कागद घेतला.

त्याने तो दिव्याखाली धरला, मग डोळ्यांजवळ नेला. तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघत मनातल्या मनात म्हटलं, नाही म्हण. कोपरा रिकामा आहे म्हण. माझ्यावर चीड, शिव्या दे, पण नाही म्हण.

“ठमे,” तो म्हणाला, “काय केलंस गं तू?”

“का? काय झालं?”

“केवढं स्वच्छ दिसतंय! मधे सारखं धुकं होतं बघ, पिठासारखं. मी म्हटलं माझेच डोळे. ते धुकं गेलं.”

ती स्टुलावरून पुढे सरकली.

“धुकं?”

“आता खोली दिसते सगळी. तो वळलाय. चेहरा दिसतो.”

“कुणासारखा आहे?”

“गिऱ्हाइकासारखा,” दादा म्हणाला आणि मोकळेपणाने हसला, लहानपणी हसायचा तसा. मग त्याने बुटाच्या तळावर हाताने दोनदा थापटलं, काम झालं की थापटायचा तसं. “जा, समोरून चहा घेऊन ये. ताटकळलाय तो. तीन आण.”

ती उठली कशी आणि गेली कशी हे तिला नंतर कितीही आठवून सापडलं नाही. समोरच्या टपरीवर तिने तीन चहा सांगितले. तीन. चहावाल्याने तीन कागदी पेले तिच्या हातांत दिले आणि विचारलं, “पाहुणे आले वाटतं?”

ती रस्ता ओलांडून परत आली.

दिवा चालू होता. दादाचा चष्मा कागदावर ठेवलेला, काड्या नीट मिटलेल्या. आरी जागेवर, रापी जागेवर. मागचं दार आतून बंद. वरच्या खोल्यांची किल्ली खिळ्याला.

बूट नव्हता.

तिने चहा स्टुलावर ठेवले, तिन्ही, आणि हाक मारली. मग पुन्हा मारली नाही. दोऱ्याच्या फळीवर एक रीळ पुढे काढून ठेवलं होतं. तिने ते उचललं, अंगठा फिरवला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आणि त्यापुढे एक ताजी खाच, तिने न पाडलेली. दोरा तिला काळा दिसत होता.

चौकीवर अधिकाऱ्याने चांगल्या शब्दांत सगळं विचारलं. वय, उंची, काही दुखणं, काही भांडण. “अंगात काय होतं? सदरा कुठल्या रंगाचा?”

रंगारणीला आपल्या भावाच्या सदऱ्याचा रंग आठवेना.

शोध झाला. जाहिरात झाली. शेजारचे येऊन बसले, मग उठले, मग यायचे थांबले. तिने तळघरात जाऊन कॅमेऱ्याची मूळ चित्रं बाहेर काढली, अजून कुणी हात न लावलेली. त्यातली भुकटी ताणताणून पांढरी केली. भुकटीच होती. शून्य केलेल्या चित्राचा कोपरा ताणला, तर ताणायला काही नव्हतंच. शून्याला कितीने गुणलं तरी काय येणार? दुकान तिने विकलं नाही. रोज कुलूप काढून झाडायची आणि पुन्हा लावायची. स्टुलावर मात्र बसली नाही.

संमेलनाला जायची तिची इच्छा नव्हती. सरांनीच नेलं. “घरात बसून काय करणार? चला, माणसांत चला.” उंच छताची मोठी दालनं, काचेतून पडणारं फिकं ऊन, रांगेने लावलेली भित्तिपत्रं आणि त्यांच्यासमोर सावकाश सरकणारे लोक. सगळ्यांचे आवाज छताला लागून मऊ होऊन खाली येत होते. तिचं चित्र शेवटच्या रांगेत होतं. पुरुषभर उंच. खालचा डावा कोपरा तिच्या गुडघ्याशी येत होता. डांबरासारखा काळा. सरांनी तिकडे बघून तिला अंगठा दाखवला आणि ते गर्दीत गेले.

ती चित्राकडे पाठ करून उभी राहिली.

लोक आले, गेले. एक उंच गृहस्थ थांबले. पन्नाशीचे, गळ्यात संमेलनाचा बिल्ला, हातात कागदी पेला.

“हे रंग कुणी निवडले?”

“मी.”

“मनापासून आभार तुमचे.” त्यांनी खरोखरच हात जोडले. “मी लाल-हिरव्याला आंधळा. सकाळपासून इथे नुसता चिखल तुडवतोय. सगळ्या दालनात हे एक चित्र मला दिसतं.”

तिने मान डोलावली. आणि मग, सवय माणसाला सोडत नाही, तिच्या तोंडून निघून गेलं, “किती प्रकार दिसतात?”

“दोन. एक पिवळसर, एक निळसर. मिसळले की पांढरं. सुरेख.” ते चित्राकडे सरकले. “फक्त एक सुचवू? राग मानू नका. खालच्या मजकुरात या कोपऱ्यातल्या दोघांबद्दल काहीच नाही.”

तिने छातीशी धरलेली पिशवी घट्ट आवळली. मागे वळून बघायचं धाडस तिला होत नव्हतं. बघून तरी काय दिसणार होतं?

“काय करतायत ते?” तिने विचारलं.

“एक बूट शिवतोय. दुसरा समोर बसलाय, पाय पुढे करून. निवांत आहेत अगदी.” गृहस्थ गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकले. कौतुकाने बघत होते, एखाद्या दुकानाच्या काचेतून आत बघावं तसे. “आणि हे तिसरं स्टूल. हे रिकामंय.”

पिशवीचा बंद तिने बोटाभोवती गुंडाळला.

“एक पाय तोकडा दिसतो त्याचा,” ते म्हणाले. “खाली कागदाची घडी सारलीय. काहीतरी छापलंय हो त्या कागदावर, पण ते काही मला कळत नाही. चिखल वाटतो नुसता.”